घरच्या कार्यशाळेसाठी बेंच व्हाइस निवडताना

घरी थोडेफार दुरुस्तीचे किंवा जोडकामाचे काम सुरू केले की लवकरच लक्षात येते की पाने, कानशी आणि हॅकसॉ जमवूनही काम मनासारखे होत नाही, कारण ज्या वस्तूवर काम करायचे ती पक्की धरून ठेवणारे साधनच आपल्याजवळ नसते. पायाखाली पाइप दाबून कापणे किंवा स्टुलावर पट्टी धरून तिला भोक पाडणे हे प्रकार आज ना उद्या बोटांवर बेततात. मग बेंच व्हाइस घ्यायला आपण बाजारात जातो आणि तीन इंची, चार इंची, सहा इंची, फिक्स, स्विव्हल, हेवी ड्यूटी, अनब्रेकेबल अशा शब्दांच्या गर्दीत गोंधळून, दुकानदाराने पुढे सरकवलेला एखादा चकचकीत रंगाचा व्हाइस उचलून परततो. हा गोंधळ टाळता यावा म्हणून खालील क्रम लिहिला आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. नागपुरातील सामान्य घरासाठी १०० मिमी जबड्याचा, फिक्स बेसचा, एसजी आयर्नचा, म्हणजे सहज न तडकणाऱ्या ओतीव लोखंडाचा, व्हाइस बहुतेकांना पुरतो. मात्र तो घेण्यापूर्वी काम आणि टेबल ठरलेले असावे, आणि घेताना इंचांच्या आकड्यापेक्षा जबड्यांची जुळणी अधिक काळजीने पाहावी.

१. आधी कामाची यादी करा

येत्या वर्षभरात तुम्ही कोणती कामे करणार आहात ते कागदावर लिहा. सायकलचे सुटे भाग, कूलरच्या स्टँडच्या पट्ट्या, नळाचे पाइप, दाराच्या बिजागऱ्या, खुर्चीचे पाय असे जे असेल ते लिहावे. या यादीतून एक गोष्ट लगेच स्पष्ट होते, ती म्हणजे तुमचे काम मुख्यतः लोखंडाचे आहे की लाकडाचे.

बेंच व्हाइस मूळचा फिटरचा. त्याचे जबडे टेबलाच्या वर असतात, त्यांवर दातेरी पोलादी पट्ट्या बसवलेल्या असतात आणि धातू घट्ट धरणे हे त्याचे काम असते. सुताराचा व्हाइस निराळा असतो. तो टेबलाच्या कडेला, पृष्ठभागाच्या पातळीत बसतो आणि त्याचे रुंद जबडे लाकडाला वळ न उठवता धरतात. ज्याला दिवसभर रंधाच मारायचा आहे त्याने सुतारी व्हाइसच घ्यावा. ज्याच्या यादीत लोखंड जास्त आणि लाकूड अधूनमधून आहे, त्याने बेंच व्हाइस घेऊन त्याच्या जबड्यांवर लाकडाचे किंवा ॲल्युमिनियमचे मऊ जबडे चढवावेत.

आणखी दोन प्रकार दुकानात याच्याच शेजारी ठेवलेले दिसतात. पाइप व्हाइस फक्त गोल पाइप धरतो आणि प्लंबरच्या उपयोगाचा असतो. ड्रिल मशीनचा व्हाइस बुटका आणि सपाट असतो. तो ड्रिलच्या टेबलावर ठेवायचा असतो, त्यात वस्तू धरून हातोडा चालवायचा नसतो. टेबलाच्या कडेला क्लॅम्पने अडकवायचा लहानसा बेबी व्हाइसही मिळतो. घड्याळे, इलेक्ट्रॉनिक्स किंवा खेळण्यांच्या कामासाठी तो उत्तम आहे, पण अर्ध्या इंचाची सळई त्यात धरून कापायला घेतली की क्लॅम्प सरकू लागतो.

२. टेबल ठरल्याशिवाय व्हाइस घेऊ नका

ही पायरी बहुतेक जण वगळतात. व्हाइस कितीही चांगला असला तरी तो हलणाऱ्या टेबलावर बसवला तर कानशीचा प्रत्येक फेर टेबलच पुढे-मागे ढकलत राहतो आणि घासलेला पृष्ठभाग कधीही सपाट येत नाही.

जागेचा विचार आधी करा. नागपुरात घरची कार्यशाळा बहुधा तीन ठिकाणी उभी राहते: गच्चीवरच्या टिनाच्या शेडमध्ये, खालच्या पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा बाल्कनीत. शेडमध्ये मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेल्यावर दुपारी लोखंडाला हात लावणेही कठीण होते, म्हणून तेथे सकाळ-संध्याकाळच काम होईल हे गृहीत धरावे आणि व्हाइस थेट उन्हात येणार नाही अशा बाजूला टेबल ठेवावे. पार्किंगची जागा सर्वांत सोयीची असते, परंतु ती सामायिक असल्यास शेजाऱ्यांना आधी विचारून घ्यावे; हातोड्याचा आवाज खांबांमधून वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचतो. बाल्कनीत काम करायचे असेल तर हातोडा विसरा आणि लहान व्हाइसवर समाधान माना.

टेबलाचा पृष्ठभाग किमान ४० ते ५० मिमी जाड असावा. विदर्भात सागवानाची परंपरा असली तरी नवे सागवान या कामासाठी घेणे परवडत नाही. महाल-इतवारी भागातील जुने वाडे पाडले जातात तेव्हा निघणाऱ्या चौकटी आणि दारे जुन्या लाकडाच्या वखारींत येतात. तेथील जाड फळी रंधून घेतली तर ती नव्या फळीपेक्षा सरस ठरते, कारण ती पुरेशी वाळलेली असते आणि पुढे वाकत नाही. ते जमत नसेल तर १८ मिमी प्लायवूडचे तीन थर सरस आणि स्क्रूने एकमेकांवर जोडावेत. पाय ४० × ४० × ५ मिमीच्या लोखंडी अँगलचे, जवळच्या फॅब्रिकेटरकडून वेल्ड करून घ्यावेत, त्यांना तिरपे आधार अवश्य लावावेत आणि खाली एक फळी टाकून तीवर वाळूची पोती ठेवावीत. भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडता येत नाहीत, तेथे हे वजनच टेबलाला जागेवर ठेवते.

उंचीचा नियम आयटीआयमध्ये फिटरच्या विद्यार्थ्यांना पहिल्या काही दिवसांतच शिकवला जातो: ताठ उभे राहून मूठ हनुवटीखाली टेकवली असता कोपर जबड्यांच्या वरच्या कडेला जेमतेम टेकावे. कोपर जमिनीपासून १०४ सेंमीवर असेल आणि व्हाइसची उंची १५ सेंमी असेल, तर टेबल सुमारे ८९ सेंमी उंच हवे. स्वयंपाकघराचा ओटा साधारण याच्या आसपास असतो, पण बाजारातील तयार स्टडी टेबल बरेच बुटके असते आणि त्यावर बसवलेल्या व्हाइसवर काम करताना तासाभरात कंबर भरून येते. हे माप घरातील जो माणूस सर्वांत जास्त काम करणार असेल त्याच्या कोपरावरून घ्यावे.

३. माप : जबड्याची रुंदी आणि बाकीचे तीन आकडे

व्हाइसचे माप म्हणजे जबड्याची रुंदी. ७५, १००, १२५ आणि १५० मिमी ही नेहमीची मापे असून बाजारात त्यांना अनुक्रमे तीन, चार, पाच आणि सहा इंची म्हणतात. ७५ मिमीचा हलक्या कामाला ठीक आहे. १५० मिमीचा व्हाइस वीस किलोच्या आसपास भरतो आणि त्याला तसेच भक्कम टेबल लागते. गाडीच्या गॅरेजसाठी तो योग्य, घरासाठी सहसा अनावश्यक. उरले १०० आणि १२५. टेबल वर सांगितल्याप्रमाणे जड असेल आणि तुमच्या यादीत अँगल, चॅनेल किंवा मोठे पाइप वारंवार येत असतील तरच १२५ चा विचार करावा.

रुंदी सोडून जे तीन आकडे कोणी विचारत नाही, ते असे. पहिला, जबडे जास्तीत जास्त किती उघडतात. दुसरा, जबड्यांच्या वरच्या कडेपासून खालच्या सरकत्या दांड्यापर्यंतची खोली; ही कमी असेल तर रुंद पट्टी उभी धरता येत नाही आणि ती वरच राहून थरथरते. तिसरा आकडा वजनाचा. एकाच मापाच्या दोन व्हाइसच्या वजनात दोन-तीन किलोंचा फरक असू शकतो आणि हा फरक जवळजवळ नेहमीच ओतकामाच्या जाडीचा असतो. दुकानात तराजू असतोच. व्हाइस त्यावर ठेवायला सांगा आणि किमतीला वजनाने भागा. चार इंची व्हाइस आठ किलोंच्या बराच खाली भरत असेल तर त्याला हेवी ड्यूटी म्हणण्यात अर्थ नाही.

४. धातू : येथे घाई करू नये

स्वस्त व्हाइस साध्या बिडाचे असतात, ज्याला ओतकामवाले ग्रे कास्ट आयर्न म्हणतात. या बिडात कार्बन ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने विखुरलेला असतो. दाब सहन करण्यात बीड उत्तम आहे, कंपनेही ते चांगली शोषते, पण ताण आला की याच पापुद्र्यांच्या टोकांपासून तडा सुरू होतो आणि धातू किंचितही न वाकता एकदम तुटतो. एसजी आयर्न ओतताना वितळलेल्या लोखंडात अल्प प्रमाणात मॅग्नेशियम घालतात, त्यामुळे ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपाने जमतो आणि तडा सहज पसरत नाही. फरक आकड्यांत पाहायचा तर एफजी २०० या प्रतीच्या बिडाची ताणशक्ती चौरस मिलिमीटरला किमान २०० न्यूटन असते, तर एसजी ५००/७ या प्रतीची किमान ५०० न्यूटन, आणि तुटण्यापूर्वी ती किमान सात टक्के लांबते.

व्हाइसच्या शरीरात हा ताण येतो कोठून, हे एका हिशेबावरून समजेल. समजा व्हाइस आवळायच्या दांड्यावर मध्यापासून १५० मिमी अंतरावर तुम्ही २० किलोचा जोर लावला आणि स्पिंडलच्या, म्हणजे जबडा सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या, दोन आट्यांमधील अंतर ५ मिमी आहे. एका पूर्ण फेऱ्यात हात सुमारे ९४० मिमी फिरतो आणि जबडा ५ मिमी सरकतो, म्हणजे जोर १८८ पट व्हायला हवा. प्रत्यक्षात त्यातील बराचसा भाग घर्षणात खर्च होतो, तरीही पाचवा हिस्सा उरला तर जबड्यांमध्ये सुमारे ७५० किलोची पकड निर्माण होते. ही पकड जबड्यांना एकमेकांपासून दूर ढकलत असते आणि तो सगळा ताण जबड्याच्या मुळाशी, जेथे तो सरकत्या दांड्याला मिळतो, त्या वळणावर येतो. म्हणून व्हाइस हातात घेतल्यावर आधी त्या वळणाची जाडी पाहावी. तेथे धातू भरपूर असावा आणि कोपरा गोलाईने उतरलेला असावा. काटकोनी, धारदार कोपरा दिसला तर तो व्हाइस परत ठेवावा.

याच हिशेबातून दुसराही नियम निघतो. दांड्यात पाइप घालून लांबी वाढवायची नाही. लांबी दुप्पट केली की ताणही दुप्पट होतो आणि दांडा मुद्दाम जेवढा लांब दिलेला असतो त्याचा हेतूच त्यामुळे वाया जातो.

अनब्रेकेबल या शब्दावर विसंबू नका. त्याऐवजी बॉडी एसजी आयर्नची आहे का, एवढाच नेमका प्रश्न विचारा आणि उत्तर बॉक्सवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेले दाखवायला सांगा. बेंच व्हाइससाठी आयएस २५८६ हे भारतीय मानक आहे. बॉक्सवर त्याचा उल्लेख असेल तर चांगलेच, पण केवळ तेवढ्यावरून पुढील तपासणी सोडू नये.

५. फिक्स की स्विव्हल

स्विव्हल बेसचा व्हाइस गोल फिरतो, दिसायला आकर्षक असतो आणि महागही असतो. फिरण्यासाठी त्यात एक जोड वाढलेला असतो, तो दोन बोल्टांवर आवळला जातो आणि जड कामात नेमका तोच सरकतो. घरच्या टेबलाभोवती आपण स्वतः फिरू शकतो, त्यामुळे मी फिक्स बेसच सुचवीन. टेबल भिंतीच्या कोपऱ्यात अडकलेले असेल आणि लांब पाइप एकाच दिशेने धरता येत असेल, तर मात्र स्विव्हल उपयोगी पडतो.

६. बाजारात जाताना सोबत न्यावयाच्या वस्तू

- स्टीलची पट्टी आणि लहान गुण्या
- मोबाइलची बॅटरी किंवा छोटा टॉर्च
- साध्या कागदाच्या, बोटभर रुंदीच्या काही पट्ट्या
- जुनी पण धार असलेली लहान कानस
- जॉ प्लेटच्या (जबड्यावरील दातेरी पट्टीच्या) स्क्रूला बसेल असा पेचकस
- टेबलाच्या पृष्ठभागाची जाडी आणि उंची लिहिलेला कागद
- गोणपाट आणि दोरी

नागपुरात या मालासाठी इतवारीतील लोहा ओळी, गांधीबाग आणि सेंट्रल ॲव्हेन्यूवरील हार्डवेअर व मशिनरीची दुकाने पाहावीत. इतवारीच्या गल्ल्यांत चारचाकी नेण्याचा मोह टाळा. मेट्रोने अग्रसेन चौक किंवा चितार ओळी चौकात उतरून आधी पायी चौकशी करावी आणि व्हाइस ठरल्यावर तो आणण्यासाठी दुचाकी न्यावी. व्यवहार बहुधा हिंदीत होतो. दुपारच्या गर्दीपेक्षा दुकान उघडल्यानंतरच्या पहिल्या तासात गेल्यास दुकानदार दोन-तीन पीस उघडून दाखवायला तयार असतो, आणि दोन-तीन पीस पाहणे आवश्यक आहे, कारण एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या दोन व्हाइसच्या जुळणीत फरक आढळतो. बराचसा माल पंजाबातील जालंधर-लुधियानाकडून येतो; अपेक्स आणि ग्रोझ ही नावे परिचित आहेत, पण नावाच्या चौकशीत अडकण्यापेक्षा समोरचा पीस तपासणे अधिक फायद्याचे असते.

७. दुकानातील तपासणी

व्हाइस काउंटरवर, शक्यतो फळीवर ठेवायला सांगा आणि घाई न करता खालील क्रमाने पाहा.

जबडे पूर्ण मिटवा आणि मागून टॉर्च धरा. फटीतून येणारा प्रकाश रुंदीभर सारखा दिसला पाहिजे. वरच्या कडा आधी टेकत असतील आणि खाली केसभर फट असेल तर हरकत नाही, कारण घट्ट केल्यावर जबडे किंचित उघडतात आणि ती फट भरून निघते. याउलट खाली टेकून वर फट राहत असेल, तर पातळ पत्रा त्या व्हाइसमध्ये कधीच पक्का धरला जाणार नाही.

आता कागदाच्या दोन पट्ट्या जबड्यांच्या दोन टोकांना ठेवून हलक्या हाताने आवळा आणि एकेक पट्टी ओढून पाहा. दोन्ही सारख्याच जोराने अडकलेल्या असाव्यात. एक पट्टी अडकली आणि दुसरी सुळकन निघून आली, तर हलता जबडा तिरपा आहे. एवढी एकच परीक्षा करायची परवानगी मिळाली तरी हीच करावी. व्हाइसची किंमत ज्यासाठी मोजायची ती पकड ही परीक्षा थेट दाखवते.

मग जबडा निम्मा उघडा, हलता भाग दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. थोडीशी हालचाल असतेच, त्याशिवाय तो सरकणार नाही. पण जबडा उचलला जाऊन खट असा आवाज येत असेल तर खोबणीचे मशिनिंग ढिले आहे. स्पिंडल पूर्ण आत-बाहेर फिरवून पाहा. मध्येच अडखळणे किंवा एका ठिकाणी जड होणे म्हणजे स्पिंडल वाकलेला असण्याची खूण. दिशा बदलताना दांडा थोडा रिकामा फिरतो तेही चालते, मात्र अर्ध्या फेऱ्याहून अधिक रिकामा फिरत असेल तर तो पीस नको. स्पिंडलचे आटे चौकोनी किंवा समलंब छेदाचे असावेत. नेहमीच्या बोल्टासारखे टोकदार आटे दिसले तर ते लवकर झिजतात.

जॉ प्लेटच्या खालच्या कोपऱ्यावर, दुकानदाराला विचारून, कानस एकदा हलकेच फिरवा. प्लेट पाणी दिलेली, म्हणजे तापवून कठीण केलेली, असेल तर कानस घसरते. चावली तर प्लेट मऊ आहे आणि तिचे दाते वर्षभरात बोथट होतील. प्लेट स्क्रूने बसवलेली आहे आणि स्क्रूच्या खाचा रंगाने बुजलेल्या नाहीत, हेही पाहावे, म्हणजे पुढे प्लेट बदलता येईल.

शेवटी रंग. जाड, गुळगुळीत रंगाखाली ओतकामातील छिद्रे पुट्टीने भरलेली असू शकतात. जबड्याच्या मुळाशी आणि बोल्टाच्या भोकांच्या कडेला नखाने दाबून पाहा. पुट्टी असेल तेथे नख रुतते किंवा पापुद्रा सुटतो. बेसला पट्टी लावून तो सपाट आहे का तेही तपासा, कारण डगमगणारा बेस टेबलावर आवळताना बोल्टाच्या भोकाजवळ तडकतो.

८. जुना व्हाइस घ्यावा का

घ्यावा, पण पहिलाच व्हाइस म्हणून नको. हिंगणा एमआयडीसीकडील बंद झालेल्या युनिटचा माल भंगारवाल्यांकडे येतो आणि त्यात कधी कधी असा जुना व्हाइस मिळतो की त्याच्यापुढे नवे फिके वाटावेत. गंज, रंग आणि झिजलेल्या जॉ प्लेट यांची काळजी करू नका, ते सगळे दुरुस्त होते. जबड्यावर किंवा सरकत्या दांड्यावर वेल्डिंगची रेघ दिसली तर मात्र सौदा सोडा, कारण बिडाचे वेल्डिंग या ताणाखाली टिकण्याचा भरवसा नसतो. आतला नट झिजला आहे का ते जबडे आवळताना कळते. आटे घसरल्यासारखे वाटले तर नट बदलून मिळेल का, याची चौकशी आधी करावी. पाहण्याची नजर तयार झाल्यावरच या वाटेला जाणे बरे.

९. बिल, वॉरंटी आणि ने-आण

पक्के जीएसटी बिल घ्यावे आणि त्यावर कंपनीचे नाव, मॉडेल व माप लिहून घ्यावे. केवळ "व्हाइस १ नग" असे लिहिलेल्या बिलावर पुढे काही मागता येत नाही. ओतकामातील दोषासाठी बदलून मिळेल का आणि किती दिवसांत, हे विचारून दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्यावे. बॉक्सवरील वॉरंटीचा भाग फाडून टाकू नये. ऑनलाइन मागवल्यास पेटी उघडतानाचे चित्रीकरण करा, घरच्या काट्यावर वजन करा आणि कागदाच्या पट्ट्यांची परीक्षा परतीची मुदत संपण्याआधीच उरका.

दुचाकीवर आणताना व्हाइस गोणपाटात गुंडाळून फूटबोर्डवर, दांडा वाहनाच्या लांबीला समांतर ठेवून बांधावा. मागच्या सीटवर नुसता ठेवलेला व्हाइस पहिल्याच स्पीडब्रेकरवर उडतो.

१०. टेबलावर बसवणे

व्हाइस टेबलाच्या पायाच्या नेमका वर बसवावा, दोन पायांच्या मधोमध नको. मध्ये फळी लवते. समोरच्या कडेच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात. स्थिर जबड्याचा आतला चेहरा टेबलाच्या कडेच्या किंचित पुढे यावा, म्हणजे लांब पाइप किंवा पट्टी उभी धरली असता ती टेबलाला न अडता थेट खाली जमिनीपर्यंत जाते. व्हाइस मागे सरकवून बसवला तर उभी वस्तू धरण्याची सोय कायमची गमावली जाते.

भोके बेसमधूनच आखून घ्या आणि बोल्टापेक्षा एक मिलिमीटर मोठी पाडा. चार इंची व्हाइसला बहुधा एम १० किंवा एम १२ चे बोल्ट लागतात. ते फळीतून आरपार जाणारे हवेत. लाकडी स्क्रूवर व्हाइस कधीही बसवू नये. फळीखाली ५ ते ६ मिमी जाडीची लोखंडी पट्टी ठेवून, मोठे वॉशर आणि स्प्रिंग वॉशर घालून नट आवळावेत. सगळे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. पहिल्या आठवड्यानंतर ते पुन्हा आवळावे लागतात, कारण लाकूड वॉशरखाली दबते.

११. वापर आणि निगा

हातोडा चालवायचा असेल तेव्हा घाव स्थिर जबड्याच्या दिशेने बसतील अशी वस्तू धरा. हलत्या जबड्याच्या दिशेने बसलेला प्रत्येक घाव स्पिंडल आणि नट यांवर जातो. ऐरणीसारखी सपाट जागा कंपनीने दिली असेल तरच तेथे हलके ठोकावे, सरकत्या दांड्यावर तर मुळीच नाही. वस्तू जबड्याच्या एकाच टोकाला धरावी लागली तर दुसऱ्या टोकाला त्याच जाडीचा तुकडा अडकवा, म्हणजे जबडा तिरपा होत नाही. पितळ, ॲल्युमिनियम किंवा आटे असलेला भाग धरताना मऊ जबडे वापरा. ॲल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे जबड्यांवर उलटे ठेवले तरी काम भागते.

रोज काम संपल्यावर लोखंडाचा कीस ब्रशने झाडून काढा. तो फुंकराने उडवू नका, डोळ्यांत जातो. महिन्यातून एकदा स्पिंडल पूर्ण बाहेर काढून जुने वंगण पुसा आणि नवे ग्रीस लावा; उन्हाळ्यात येथील धूळ ग्रीसमध्ये मिसळून घासणारी लगदी तयार होते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये ग्रीसचा थर पातळ ठेवावा आणि व्हाइसवर जुने कापड टाकावे. जूनच्या मध्यावर पाऊस येण्याआधी सगळ्या उघड्या, मशिनिंग केलेल्या भागांवर मशीन ऑइलचा हात फिरवा. काम नसताना जबडे आवळून ठेवू नका. त्यांच्यात दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवा आणि दांडा उभा, खाली लोंबकळता सोडा, म्हणजे येता-जाता तो कोणाच्या मांडीला लागणार नाही.